पाय बरा होईपर्यंत

ग्रामसेवकाला गावात कोणी नावाने हाक मारत नाही. तो भाऊसाहेब असतो. आजोबा शोभतील अशी माणसंही त्याला भाऊसाहेबच म्हणतात, आणि पुढचा शब्द शिवी असली तरी पहिला शब्द भाऊसाहेबच असतो. पारनेर तालुक्यातल्या निरनिराळ्या गावांत हे दोन्ही शब्द ऐकत मी नोकरी केली आणि निवृत्त झालो. आता घरी बायकोसुद्धा चिडली की भाऊसाहेब म्हणते.

या अंकाच्या संपादकांनी मला 'ग्रामविकास आणि लोकशाही' असा विषय दिला होता. विषय चांगला आहे, पण त्यावर मी नोकरीत इतके अहवाल लिहिलेत की पुन्हा बसलो तर हात आपोआप 'सविनय सादर' लिहून मोकळा होईल. शिवाय हल्ली दुपारी टीव्हीवर बातम्या बघतो. मोठमोठ्या लोकशाही देशांचे पुढारी एका लांबलचक टेबलाभोवती बसलेले असतात आणि निर्वासितांचं काय करायचं यावर बोलत असतात. त्यांची भाषा कळत नाही, पण खाली मराठी पट्टी येते ती वाचतो. आमचा विरोध नाही, पण प्रक्रिया पाळली पाहिजे. आज थोडे आले, उद्या रांग लागेल. आधी आमच्या माणसांचं बघा. मी बायकोला म्हणतो, अगं, ही तर आपल्या खडकमाळची ग्रामसभा! ती म्हणते, त्यांच्याकडे तुमच्यासारखा भाऊसाहेब नसेल, नाहीतर एवढा वेळ लागला नसता. हा टोमणा आहे की कौतुक, ते मी विचारलेलं नाही.

तर खडकमाळचीच गोष्ट सांगतो. त्याआधी बाहेरच्या वाचकासाठी थोडं. ग्रामसभा म्हणजे गावातल्या मतदारांची सभा. ज्याचं नाव मतदारयादीत, त्यालाच तिथे बोलायचा हक्क. ग्रामसेवक हा सचिव. सभेत जे होईल ते त्याने प्रोसिडिंगच्या पुस्तकात लिहायचं. म्हणजे अगदी जे होईल ते नाही; पुढे कोणी वाचलं तर गावाला शोभेल ते. 'सविस्तर चर्चा झाली' याचा अर्थ आरडाओरडा झाला. 'सांगोपांग चर्चा झाली' म्हणजे खुर्च्या उचलल्या गेल्या. 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली' म्हणजे उचललेल्या खुर्च्या परत जमिनीवरच ठेवल्या. ही भाषा मला उत्तम यायची. पंचायत समितीत माझी प्रोसिडिंगं नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवत, हे मी मुद्दाम सांगतोय.

खडकमाळ हे आठवडे बाजाराचं गाव. दिवाळी झाली की तिथे स्वेटरवाले यायचे. पेमा आणि दोरजे, नवराबायको, तिबेटी. कर्नाटकात त्यांच्या लोकांची वसाहत आहे. तिथून निघून आधी लुधियानाला जायचे, माल भरायचे, आणि थंडी सरेपर्यंत आमच्या पेठेत बसायचे. गावाने दोरजेचा दोरगे करून टाकला होता, कारण दोरगे आडनाव आपल्या कानाला सवयीचं आहे. पेमाबाईचं मराठी बाजारात शिकलेलं, त्यामुळे घासाघीस अस्खलित आणि बाकी बेताचं.

त्यांची बसायची जागा म्हणजे बबनशेठच्या कापड दुकानाच्या पायरीची कड. जागा रस्त्याची, पण सावली बबनशेठची. त्यावरून दरवर्षी पहिल्या बाजाराला भांडण व्हायचंच.

"आमी वर्षभर पंचायतीची पट्टी भरायची, आन् ह्यांनी चार म्हयनं येऊन गिऱ्हाईक पळवायचं! भाऊसाहेब, तुमी काय झोपा काढता का?"

मी म्हणायचो, "शेठ, तुमच्या दुकानात स्वेटर आहेत कुठे?"

"आसतं तर ह्यांनी खपू दिलं आसतं का?"

 पेमाबाई गठुडं वीतभर आणखी कडेला सरकवायची, बबनशेठ आत जायचे आणि हिवाळा सुरू व्हायचा.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी माघ पौर्णिमेच्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा जोरात होता. कर्जतकडून एक पैलवान आला होता. त्याने आमची एकेक पोरं अशी काही लोळवली की हलगीवाल्याच्या हातातलं बळ गेलं. मग तो आखाड्याच्या मधोमध उभा राहून शड्डू ठोकायला लागला आणि खडकमाळकर आपापल्या चपला शोधायला लागले. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "दोरगेला उतरवा!"

दोरजे बुटका, रुंद, मानेच्या जागी खांदेच असलेला माणूस. त्यांच्या वसाहतीत नव्या वर्षाला कुस्त्या होतात आणि तो त्या मारायचा, हे तालमीतल्या पोरांना माहीत होतं. कोणाचा तरी लंगोट आला. दोरजे बायकोकडे बघून जरा लाजला आणि उतरला. पुढचं फार वेळ चाललं नाही. कर्जतचा पैलवान आभाळाकडे बघत पडला होता आणि त्याला अजून पटत नव्हतं.

गावाची अब्रू राहिली. गुलाल उधळला. दोरजेला खांद्यावर घेतलं. आता नीट लक्ष द्या, पुढे यावरच सगळी भानगड झाली. एक खांदा होता संपतचा. संपत हा सरपंच मंदाताईंचा पुतण्या. दुसरा खांदा भरतचा. भरत म्हणजे विरोधी पॅनेलचे पुढारी दगडूनाना यांचा धाकटा मुलगा. मिरवणूक वाजतगाजत तिठ्यावर आली. तिथून डावीकडे मंदाताईंचं घर, उजवीकडे दगडूनानांचं. दोन्ही घरी नारळ आणि फेटा तयार होता. संपत डावीकडे वळला. भरत उजवीकडे वळला. दोरजे सरळ खाली आला.

हलगी तशीच पुढे गेली. मागे कोणी नाही हे वाजवणाऱ्यांना बऱ्याच वेळाने कळलं.

पायाचं हाड गुडघ्याखाली मोडलं होतं. टेम्पोवाल्या शब्बीरभाईंनी टेम्पोत गादी घातली आणि त्याला नगरला दवाखान्यात नेलं. टेम्पोत पेमाबाई एका बाजूला आणि गावाने दिलेले दोन फेटे दुसऱ्या बाजूला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बजावलं की इतक्यात लांबचा प्रवास नाही, पाय हलला तर जन्माचा अधू होईल. इकडे ते ज्या खोलीत भाड्याने राहायचे ती मालकाला मुलीच्या लग्नासाठी हवी होती. ते दरवर्षी याच सुमारास जातात, त्या हिशोबाने तो चुना कालवून बसला होता.

मोकळी जागा गावात एकच होती, जनावरांच्या डॉक्टरचं निवासस्थान. बांधल्यापासून त्यात डॉक्टर कधी राहिला नाही. आत गावजेवणाची भांडी असायची. मी मंदाताईंना म्हटलं, तिथे राहू द्या. मंदाताई शहाणी बाई, पण पंचायतीची निवडणूक जवळ आलेली. त्या म्हणाल्या, "माझं काय न्हाई हो भाऊसाहेब. पन सभेफुडं ठिवा. उद्या कोन बोललं तर सगळ्यांचंच बोट नको का त्यात?"

पाणीटंचाईची खास ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोर भरणारच होती. प्रत्येक ग्रामसभेत शेवटी एक विषय असतो, 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. आधीचे विषय वाचेपर्यंत लोक तंबाखू मळतात, ऐनवेळच्याला मांडी बदलून बसतात. मी विषय वाचला, आणि सुरुवातच झाली.

"पाय सोडला कोनी ते आधी ठरवा!" भरत उठला. "डावीकडचा खांदा आधी खाली झाला."

"खाली न्हाई, वळला!" संपत म्हणाला. "रस्ता डावीकडंच हाय. तू कुठं निघाल्ता?"

दगडूनाना हात वर करून उभे राहिले. "आमचा विरोध न्हाई. माणुसकी पाहिजेच. पन प्रक्रिया पाळली पाहिजे. आशी कोनालाबी खोली द्यायला लागलो तर पंचायतीची धर्मशाळा व्हईल."

मागून कोणीतरी म्हणालं, "त्ये चायनाचं हायेत म्हनं."

"आरं, चायनाच्या हातनं सुटून आल्यात म्हनून तर इथं हायेत!" शब्बीरभाई म्हणाले. "तुला कुस्तीच्या टायमाला न्हाई आठवलं चायना?"

मग बबनशेठ उठले. "मी स्पष्ट बोलतो, वाईट वाटलं तर वाटू द्या. आज दोघं. उद्या त्यांची आख्खी गल्ली यील. मग रेशन मागतील, मग नळ मागतील, मग मत मागतील. आन् येक सांगा, भांडी कुठं ठिवायची?"

भांड्यांचा विषय निघाला आणि सभा पेटली. तोपर्यंत जे गप्प होते तेही बोलायला लागले. कढया उघड्यावर राहिल्या तर गंजतील. परातींना पोचे येतील. मागच्या वर्षी एक झारा गेला तो कोणी नेला? माणसाच्या पायावर जेवढी चर्चा झाली नव्हती तेवढी त्या झाऱ्यावर झाली.

हे सगळं देवळावरच्या भोंग्यातून गावभर ऐकू येत होतं. पेमाबाई समोरच लिंबाच्या झाडाखाली बसली होती. सभा तिच्याबद्दल, पण तिचं नाव मतदारयादीत नाही, म्हणून तिला बोलता येत नव्हतं. ती एकच स्वेटर घडी घालत होती, उलगडत होती, परत घडी घालत होती. मला लाज वाटली. नोकरीत मला लाज वाटायचे प्रसंग कमी आले असं नाही, पण एवढी लाज मला दुसऱ्या कुठल्या सभेत वाटली नाही.

ग्रामसेवकाची खरी विद्या कायद्यात नसते, चहात असते. मी मंदाताईंच्या कानात म्हटलं, सभा चहासाठी तहकूब करा. तहकूब झालेल्या सभेला नियम लागू नसतो. जो तो कप घेऊन उभा असतो, आणि ज्याच्या हातात गरम कप आहे त्याला खुर्ची उचलता येत नाही. मंदाताईंनी चहा जाहीर केला आणि मी पहिला कप लिंबाखाली नेऊन दिला.

"पेमाबाई, तुम्हाला काही सांगायचं असेल तर आता सांगा. चहा संपेपर्यंत."

ती उठली. भोंग्याची गरज नव्हती, सगळे कप हातात धरून लिंबाकडे सरकले होते. तिने तोडक्यामोडक्या बाजारी मराठीत जे सांगितलं ते मी इथे लिहितो, कारण चहात बोललेलं प्रोसिडिंगमध्ये येत नाही आणि ते लिहायचं माझ्याकडे राहून गेलं आहे.

ती म्हणाली, "सगळे विचारतात, गाव कुठलं? माझा बाप लहान होता तेव्हा बर्फातून चालत आला. त्याचं गाव तिकडं राहिलं. मी इथंच जन्मली, कर्नाटकात, तरी पण पाहुणी. बाप सांगायचा, दुसऱ्याच्या गावात बसायचं तर कडेला बसायचं. कोणी उठ बोललं की लगेच उठता आलं पाहिजे. मी तशीच बसते. शेठला विचारा. दरवर्षी कडेला. पण आता याला उठता येत नाही. एवढंच आहे."

आणि तिने चहा पिऊन कप विसळून ठेवला.

 दगडूनाना टोपी काढून परत घालत होते. संपत आणि भरत एकमेकांकडे बघत नव्हते. सभा पुन्हा भरली तेव्हा आरडाओरडा करायला कोणाला जमेना, पण 'राहू द्या' असं पहिल्यांदा कोणी म्हणायचं हाही पेच होता. जो म्हणेल त्याच्या गळ्यात पुढचं सगळं पडणार. तेव्हा मी माझी विद्या वापरली. निवासस्थान जिल्हा परिषदेचं, ते आपण कोणाला राहायला देऊ शकत नाही. पण भांडी आपली आहेत. भांड्यांना राखणदार नेमायला कोणाची परवानगी लागत नाही. झारा गेला तो राखण नव्हती म्हणूनच गेला ना?

सभेचा जीव भांड्यात पडला. मी ठराव वाचून दाखवला: 'यात्रेतील पाहुणे पैलवान यांच्या दुखापतीबाबत सांगोपांग चर्चा झाली. सार्वजनिक भांड्यांच्या देखरेखीसाठी सदर पैलवान व त्यांची पत्नी यांना पाय बरा होईपर्यंत नेमण्यात यावे.' सूचक दगडूनाना, अनुमोदक मंदाताईंचे दीर. दोन पॅनेलची नावं एका ठरावाखाली त्या गावात त्याआधी कधी आली नव्हती. ठराव मंजूर झाला याचा मला अभिमान आहे. माणसाला माणूस म्हणून जागा देता आली नाही, कढईचा आधार घ्यावा लागला, याचं वाईटही वाटतं. दोन्ही खरं आहे.

भांड्यांना असे दिवस कधी आले नव्हते. पेमाबाईने ती घासून अशी लावली की लोक बघायला यायचे. संपत आणि भरत आळीपाळीने दूध आणून द्यायचे, आणि माझ्या म्हशीचं दूध घट्ट की तुझ्या, यावर त्यांची वेगळी सांगोपांग चर्चा व्हायची. दोरजे खुर्चीत बसून तालमीतल्या पोरांना पकडी शिकवायचा. पेमाबाई शिलाईचं मशीन घेऊन दप्तरांच्या आणि जर्किनच्या चेन बदलून द्यायची. बसायची बबनशेठच्या पायरीच्या कडेलाच.

उन्हाळ्याच्या दुपारी पेठेत चिटपाखरू नसतं. दुकानात बबनशेठ, बाहेर पेमाबाई. भांडायचं म्हटलं तरी दुसरं कोणी नाही. त्यांचं भांडण रोज व्हायला लागलं आणि हळूहळू त्यातून बोलणं निघालं. शेठ नगरहून घाऊक माल आणतात तो मधल्या व्यापाऱ्यांनी फुगवलेला असतो, हे तिने त्यांना पटवलं. लुधियानात कोणाकडे जायचं, कोणाकडे बिलकूल जायचं नाही, हे सांगितलं. एकदा मी गेलो तर शेठ तिच्यावर ओरडत होते, "आगं, डब्यातली भाजी तशीच हाय! सकाळपास्नं चेन चेन करती, जेव की!"

एक मेच्या ग्रामसभेत कोणीतरी विचारलं, "पाय बरा झाला का न्हाई त्या दोरगेचा?" तोवर प्लास्टर निघालं होतं.  बबनशेठ उभे राहिले.

"मला तर लंगडताना दिसतोय," ते म्हणाले.

त्याच सकाळी दोरजेला मी तालमीकडे चांगला चालत जाताना पाहिलं होतं. शेठनीही पाहिलं होतं, कारण आम्ही दोघं एकत्रच चहा पीत होतो. पण सभेचा निर्णय सभेचा. पाय अजून बरा नाही, अशी नोंद झाली. मग त्या पायाबद्दल कोणी बोलेनासंच झालं. पुढे आषाढात दोरजे पोरांबरोबर बैठका मारताना दिसला तरी लोक मान वळवून जायचे. बघितलं असं म्हटलं तर पाय बरा झाला म्हणावं लागलं असतं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि शाळेसमोर सभा बसली. ऐनवेळच्या विषयाला दोरजे स्वतःच येऊन उभा राहिला. मागे पेमाबाई, गठुडी बांधून. हिवाळ्याचा माल भरायला लुधियानाला जायची वेळ झाली होती. तो आता चांगलं मराठी बोलायचा, तालमीतलं.

"सरपंचबाई, पाय बरा झाला. आमी जातो."

"कोन म्हनतं बरा झाला?" बबनशेठ उठले. झेंडावंदनासाठी त्यांनी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातले होते. "सभेनं ठरवल्याशिवाय बरा कसा झाला? मतदान घ्या!"

मतदान घेतलं. कायद्यात कुठे बसतं ते मला आजही विचारू नका. बहुमताने पाय अजून मोडलेलाच होता.

दोरजेने सगळ्यांकडे बघितलं. मग तो सरळ बबनशेठकडे गेला, वाकला, आणि त्यांना उचलून खांद्यावर घेतलं. शेठ अंगाने भरलेले. "उतरव! आरं दोरग्या, उतरव!" असं ओरडत होते. दोरजे चालायला लागला. सगळी सभा उठून मागे. संपत एका बाजूला, भरत दुसऱ्या बाजूला, दोघंही हात पुढे करून झेलायच्या तयारीत. तो तिठ्यावर आला. तिथे शेठचा सूर एकदम बदलला. "सोडू नको रे! सोडू नको!"

दोरजे तिथे घटकाभर उभा राहिला. डावीकडे वळला नाही, उजवीकडे वळला नाही. सावकाश मागे फिरला, आल्या वाटेने शाळेसमोर आला, आणि बबनशेठना त्यांच्या खुर्चीपाशी अलगद खाली ठेवलं. त्यांची टोपी वाकडी झाली होती ती नीट केली. आम्ही त्याला कसं खाली ठेवलं होतं ते तिथे कोणाला आठवून द्यायची गरज नव्हती. संपत आणि भरत मान खाली घालून उभे होते, आणि मंदाताईंनी पदर डोळ्याला लावला.

"झाला बरा," दोरजे म्हणाला.

बबनशेठना धाप लागली होती. मग पेमाबाईकडे बघून ओरडले, त्यांना दुसऱ्या आवाजात बोलता यायचं नाही.

"दिवाळीला येशील तवा पायरीवर बस. कडंला नगं. मधी बस."

पेमाबाईने डोक्यावर घ्यायला उचललेलं गठुडं खाली ठेवलं आणि त्यावरच बसून ती रडली.

"लिहा, भाऊसाहेब," मंदाताई म्हणाल्या.

मी लेखणी उचलली आणि सवयीने सुरुवात केली, 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन...' तिथेच थांबलो, तेवढं खोडलं आणि शेठ जे बोलले होते ते जसंच्या तसं लिहिलं. कडंला नगं. मधी बस. ठराव सर्वानुमते मंजूर.